कोरडं तोंड

गोचीड जावेत म्हणून आमशाने गायीच्या अंगाला औषध लावलं, पण त्यात पाणी फार कमी घातलं. दुपारी गाय खालीच बसली. तोंडातून लाळेची धार लागली, छाती घरघरायला लागली. तळोद्याहून जनावरांच्या डॉक्टर सुषमाबाई आल्या. त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि आमशाच्या सुनेला घेऊन साबणाच्या पाण्याने गाय धुवायला लागल्या.

"बाबा, तुम्ही तिच्या तोंडात बोटं घालून बघत राहा. कोरडं पडलं की लगेच सांगा."

आमशा डोक्याशी बसला.

"पडलं का कोरडं?"

"नाही मॅडम, ओलं शे."

थोड्या वेळाने बाईंनी पुन्हा विचारलं.

"ओलंच शे."

बाईंनी पुढची सुई भरली, पण टोचण्याआधी स्वतः हात घालून पाहिला. जीभ, हिरड्या, सगळं कोरडं ठणठणीत.

"बाबा, हे तर केव्हाच कोरडं पडलंय! खोटं का सांगत होता?"

आमशाने मान खाली घातली. "मन्ही बायको गई तवय तिन्हं तोंड असंच कोरडं पडनं. मी सांगितलं, आन् सगळा रडाले लागनात."

बाईंनी भरलेली सुई बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "अहो बाबा, या इंजेक्शनचं उलटं असतं. तोंड कोरडं पडलं म्हणजे विष उतरलं. वाचली तुमची गाय."

आमशाने परत गायीच्या तोंडात हात घातला, नीट चाचपून पाहिलं. मग उठून दारात गेला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "कोरडं पडनं! पार कोरडं पडनं!"