पहिली आठवण

आमच्या प्रयोगशाळेत दर शुक्रवारी एकच प्रश्न आमच्यापैकी कुणा एकाला आणि यंत्राला विचारतात. यंत्र त्या माणसाच्या नावानं उत्तर लिहितं. माणसाचं खरं उत्तर तिसऱ्यानं ओळखायचं. ओळखता आलं नाही, तर यंत्र तिथल्या तिथे बंद करायचं, असं ठरलेलं. आजवर कुणी चुकलं नव्हतं.

त्या दिवशी पाळी माझी होती आणि प्रश्न होता, ‘सर्वांत जुनी आठवण कोणती?’ मी माझ्या लाल सायकलबद्दल लिहिलं.

ओळखायचं होतं माझ्या सहकाऱ्यानं, वेंडेलनं. त्यानं दोन्ही कागद वाचले आणि यंत्राचाच उचलला. “झिमेना, हे तुझं. सायकलवालं यंत्राचं. ओढूनताणून लिहिल्यासारखं वाटतं.”

“गाढवा, सायकल माझी होती!”

सगळे हसले. मग मी तो कागद वाचला. ‘धुकं आहे. आई चपला काढून कालव्याच्या काठावर उभी आहे. तिचं गाणं थांबलं, म्हणून मी लाथ मारली.’

गंमत म्हणून मी फ्रेस्नो शहरात राहणाऱ्या आईला फोन लावला, स्पीकरवर, आणि पहिली दोन वाक्यं वाचून दाखवली.

आईनं विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं गं? मी पाद्रीबाबांनाही कधी सांगितलं नाही. तू पोटात होतीस तेव्हा. लाथ मारलीस, म्हणून मी मागे फिरले.”

वेंडेलनं कागद दोन्ही हातांनी अलगद टेबलावर ठेवला. यंत्र बंद करायच्या बटणाकडे कुणीच गेलं नाही.

आणि मला ते गाणं आठवू लागलं.