गेनूकाकांची गोळी

गोळी पोटात पोचली, की दवाखान्यानं भिंतीवर बसवलेला बोलका डबा म्हणे, "शाब्बास, गेनूकाका!" आणि द्रुपदाबाई निर्धास्त होत. काका मात्र वर्षभर ती हृदयाची गोळी भाकरीत दडवून शेळीला चारत होते. गोळी पोटातून ठोके आणि ठिकाण दवाखान्याला कळवायची. पोट कुणाचं, हे तिला कुठलं ओळखायला!

आज छातीत कळ येऊन काका ओट्यावर कोसळले. द्रुपदाबाईंनी फोन करून बोलावलेली बिनड्रायव्हरची अँब्युलन्स आली ती गोळीचा माग काढत थेट गोठ्यात, आणि शेळीला अलगद उचलून निघाली.

"अगं बाई, माणूस इकडं पडलाय!" द्रुपदाबाई तिच्यामागं धावल्या.

"घाबरू नका काकू," अँब्युलन्स मायेनं म्हणाली, "काका गाडीत आहेत. ठोके छान पडताहेत."

द्रुपदाबाईंनी परत येऊन काकांचं डोकं मांडीवर घेतलं. "अहो, तुम्ही तर एकही गोळी चुकवली नाहीत!"

काकांना खरं सांगायचं होतं, पण जीभ वळेना.