थोरल्यांचा विरोध

"खेकडे समुद्राचे, होडी माझी. मधे पेट्या मोजणारे तुम्ही कोण?" थोरले गरजले आणि आमिषाची बादली त्यांनी फळीवर आपटली.

धक्क्यावरचे सगळे वळून बघायला लागले.

खाडीतली सगळ्यात मोठी होडी त्यांची, खेकडे धरायचे पिंजरेही त्यांचेच सगळ्यात जास्त, म्हणून लहानमोठे सगळे त्यांना थोरले म्हणत. आवाजही नावाला साजेसा. त्या संध्याकाळी खेकडेवाल्यांच्या सोसायटीची सभा होती. ठराव एकच होता: आठवड्याला ठरावीक पेट्यांपेक्षा जास्त खेकडे कुठल्याही होडीने आणायचे नाहीत. होडी मोठी असो की छोटी, मर्यादा सारखीच.

ठराव मांडणार होत्या अध्यक्षबाई, म्हणजे थोरल्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. नवरा गेल्यावर त्याची होडी तिने स्वतः हाती घेतली होती. दीर-भावजयीचं हल्ली बोलणंसुद्धा बंद आहे, असं धक्क्यावर जो तो सांगे.

गेल्या वर्षी हाच ठराव आपटला होता. खेकडे लहान होत चाललेत, निम्मे पिंजरे रिकामे वर येतात, हे सगळ्यांना दिसत होतं. पण आपण हात आखडायचा आणि शेजाऱ्याने ओरबाडायचं, ही धास्ती प्रत्येकाला होती. हात वर करायची वेळ आली तशी माणसं छताकडे बघायला लागली. थोरले तेव्हा मागच्या बाकावर गप्प बसून होते. या वर्षी गप्प बसायचं नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

"अरे, जरा सबुरीने," इंजिनवाला त्यांच्या कानाशी लागला. तो त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. छोटीशी होडी होती त्याची, आणि कुणाचंही बिघडलेलं इंजिन तो हसत हसत चालू करून द्यायचा. "मीही विरोधातच आहे. पण असं बोललास तर लोक बिथरतील."

"तू विरोधात काय नि बाजूने काय!" थोरले सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुझ्या त्या डबड्यात चढायला खेकडेसुद्धा लाजतात!"

दोघंतिघं फिसकन हसले. इंजिनवाल्याचं तोंड एवढंसं झालं. थोरल्यांनी बादली उचलली आणि ते होडीकडे चालू लागले.

दुपारी त्यांचं ताट भरलेलंच राहिलं. बायकोने ताटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"जन्माची जोडलेली माणसं अशी तोडून मिळणार काय तुम्हाला?"

"खाडी," थोरले म्हणाले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"आणि नाही जमलं तर?"

"जमवायचंच आहे. आज त्या ठरावाचा निकाल लावल्याशिवाय मी घरी येत नाही."

सभेची खोली गच्च भरली होती. अध्यक्षबाईंनी ठराव वाचला आणि कुणाला काही बोलायचंय का, म्हणून विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत थोरले उभे होते.

"अध्यक्षबाई, तुम्ही खुशाल मोजत बसा. मी इथे सगळ्यांच्या तोंडावर सांगतो. हा ठराव पडला की मी दुसरी होडी आणणार. पिंजरे दुप्पट करणार. खाडीच्या तोंडाशी माझ्याच पिंजऱ्यांची रांग लागेल. आत जे काही उरेल, ते तुम्ही आपसात वाटून घ्या."

खोलीत कुजबुज उसळली. "काय मस्ती आहे बघा!" कुणीतरी म्हणालं.

"मस्ती असणार नाहीतर काय? ताकद आहे!" थोरल्यांनी छाती ठोकली. त्यांची नजर बाकांवरून फिरत फिरत इंजिनवाल्यापाशी थांबली. क्षणभर ते अडखळले. मग त्यांनी त्याच्याकडे बोट केलं. "आणि याची होडी बंद पडली तरी काळजी नको. पिंजरे धुवायला ठेवीन मी याला!"

या वेळी कुणी हसलं नाही.

इंजिनवाला सावकाश उठला. "मी या ठरावाच्या विरोधात हात वर करायला आलो होतो," तो म्हणाला. "पण याच्या दारात पिंजरे धुण्यापेक्षा मोजून खेकडे धरलेले बरे." आणि त्याने ठरावाच्या बाजूने हात वर केला.

त्याच्या शेजारच्याने केला. मग त्यामागच्या बाकाने. गेल्या वर्षी छताकडे बघणारे आज थेट थोरल्यांच्या डोळ्यांत बघत हात उंचावत होते. विरोधात कोण, असं विचारलं तेव्हा थोरल्यांचा एकट्याचा हात वर होता.

"बघून घेईन एकेकाला!" खुर्ची लाथेने बाजूला सारत ते बाहेर पडले.

पायऱ्यांवर इंजिनवाल्याने त्यांना गाठलं. "आजपासून तुझी माझी ओळख नाही," तो म्हणाला. थोरले पायऱ्या उतरत राहिले. मागेही वळले नाहीत. वळले असते तर पाय तिथेच अडकले असते.

घरी येऊन ते ओसरीवर अंधारात बसून राहिले. थोड्या वेळाने मागच्या दाराची कडी वाजली. बायकोने दार उघडलं, तर समोर अध्यक्षबाई. ती सरळ आत आली आणि थोरल्यांसमोर येऊन उभी राहिली.

"फार लागेल असं बोललात, भाऊजी," ती म्हणाली. "इंजिनवाले जाताना डोळे पुसत होते."

थोरल्यांनी मान खाली घातली. "आता आणखी काय राहिलंय?"

तिने स्टूल ओढून घेतलं, बसली आणि आवाज खाली आणला.

"पुढच्या महिन्यात अंडीवाल्या माद्या पाण्यात परत सोडायचा ठराव आणतेय. त्यालाही असाच विरोध कराल ना?"