ऊबदार बाही

"या भुताला कुणी जेवायला वाढत नव्हतं का गं? नुसतं आपलं उसासे टाकतंय," सासूबाई म्हणाल्या आणि इस्त्री झालेली पॅन्ट घडी करून बाजूला टाकली.

सुनेनं मोबाइलवर दुसरी गोष्ट शोधायला घेतली. दुपारी लाँड्रीत गिऱ्हाईक नसायचं. सासूबाई इस्त्री करायच्या, सून कपड्यांना चिठ्ठ्या लावता लावता नेटवरच्या भयकथा वाचून दाखवायची. फर्माईश सासूबाईंचीच. त्यांना एकदा सपाटून घाबरायचं होतं, आणि ते काही केल्या जमत नव्हतं. ओसाड बंगल्याची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "झाडून घ्यायला काय झालं होतं?" लिफ्टमधल्या भुताला म्हणाल्या, "जिन्यानं जायचं." बाईंना पाहून भुतांनीच चळाचळा कापावं, अशी गत.

"आता ही कुठली?"

"बघूया ना," सून म्हणाली. ही गोष्ट तिनं स्वतः लिहिली होती आणि टोपणनावानं साइटवर टाकली होती. खाली अनोळखी लोकांनी 'झोप उडाली' वगैरे लिहिलं होतं, पण त्यांचं तिला काय! सासूबाईंच्या तोंडचं कौतुक म्हणजे उंबराचं फूल, आणि तिला नेमकं तेच हवं होतं.

ती वाचू लागली. एका इस्त्रीवालीकडे दर सोमवारी एक पांढरा शर्ट येतो. कोण ठेवून जातं ते कुणालाच दिसत नाही.

"लाँड्रीत कसलं आलंय भूत!" सासूबाईंनी वकिलांचा शर्ट टेबलावर अंथरला.

सून वाचत राहिली. त्या शर्टाच्या एका बाहीची सुरकुती जात नाही. कोपरापाशीच पडते, हात दुमडल्यावर पडते तशी. बाई पाणी शिंपडते, जोर लावून दाबते. सोमवार आला की सुरकुती पुन्हा तिथंच. मग एका सोमवारी वीज जाते. इस्त्री थंडगार. बाई सहज बाहीवरून तळवा फिरवते, तर बाही ऊबदार. ती दचकून हात मागे घेणार, तोच कफ तिच्या मनगटाभोवती गुंडाळला जातो आणि हळूच बटण लागतं.

सासूबाईंची टिप्पणी आली नाही. सुनेनं वर पाहिलं. त्यांचा डावा हात बाहीपासून वर उचललेला, तसाच अधांतरी. उजवा इस्त्रीवर, जागच्या जागी. खालून धूर निघत होता.

"आई, इस्त्री!"

सासूबाईंनी इस्त्री झटकन उचलली. शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटला होता, चांगला इस्त्रीएवढा. आजवर त्यांच्या हातून रुमालसुद्धा जळला नव्हता, आणि याचा त्यांना कोण तोरा! आता आपली धडगत नाही, असं सुनेला वाटलं.

"कुणी लिहिलंय गं हे?"

"मी."

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या हातावर सरसरून काटा आला होता, तो त्यांनी चोळून पाहिला. जाईना.

"ते बटणाचं पुन्हा वाच बरं एकदा," त्या म्हणाल्या.

सुनेला इतका आनंद झाला की अक्षरंच दिसेनात. तेवढ्यात वकीलसाहेब दारात आले, शेजारच्या टपरीवरचा चहाचा कप हातात घेऊनच. टेबलावर त्यांची नजर गेली.

"अहो, हा माझाच शर्ट ना? जाळला कुणी?"

सून पुढे व्हायच्या आत सासूबाईंनी मान ताठ केली. "हिनं. माझ्या सुनेनं."

"काहीतरीच काय! इस्त्री तर तुमच्या हातात आहे."

"शर्टाचं काय ते मी बघते, नवाकोरा आणून देते," म्हणत सासूबाईंनी स्टूल ओढलं, पदरानं पुसलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "आधी बसा असे. वाच गं, पहिल्यापासून. आणि वकीलसाहेब, तो चहा तेवढा खाली ठेवा."