निर्जळी उपास

हरतालिकेचं वाळूचं शिवलिंग करता करता माझी सून ऋजुता घामाने निथळली. बाहेर गार वारा होता. पदराने तोंड पुसत ती हसली, "आई, तेहेतिसाव्या वर्षीच तुमच्या वयाची झाले बघा."

गर्भाशयातली गाठ आटावी म्हणून तिला महिन्याला एक इंजेक्शन होतं. त्याने पाळी थांबली आणि अंगाची काहिली सुरू झाली. गाठ लहान झाली तर नुसती गाठ काढू, पिशवी वाचेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. सोनोग्राफी गणपतीनंतर होती. म्हणूनच यंदा तिने माझ्यासारखा निर्जळी उपास धरला.

दुपारी तिचे ओठ पांढरे पडले. मी पाणी पुढे केलं.

"नको आई. आज मोडला, तर पिशवी जाईल माझी."

पाळी जाताना मलाही अशीच काहिली व्हायची. तेव्हा कुणी पाणी विचारलं नव्हतं.

मी हात जोडले आणि भांडं आधी माझ्याच तोंडाला लावलं, उपासाच्या अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

"आता पी. देवी रागावली तर माझ्यावर रागावेल. घरात मोठी मी आहे."