गार उंदीर

खोक्यात उंदीर जिवंत होता. पुठ्ठ्यावर त्याची नखं खरखरत होती आणि जगदीशच्या तळहाताला घाम फुटला होता.

"उरकून टाका ना, भाऊजी," अलकावहिनी किचनच्या दारातूनच म्हणाल्या. आज गॅरेजमध्ये त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. "दुकानात खोटं सांगून आणलाय, पाळायला नेतो म्हणून. आमच्या ह्यांना, श्रीकांतला, नाही हो जमत असलं. तुम्ही भूलतज्ज्ञ. त्याला न दुखवता कसं मारायचं, तुम्हाला ठाऊक असणार."

काचेच्या पेटीत त्यांच्या मुलीचा पाळीव साप पडून होता. दोन महिने पोटात काही नाही. पाठीचा कणा कातडीखाली दोरीसारखा वर आला होता. दहा वर्षांची वरदा काचेला नाक लावून बसली होती.

"काका, तो मरणार का?"

जगदीश वीस वर्षं माणसांना झोपवत आला होता, पण पुन्हा उठवण्यासाठी. दर रविवारी विहारात तो पहिलं शील म्हणायचा, जीव घेणार नाही. आज शनिवार. उद्या पुन्हा म्हणायचं होतं.

हात थरथरला तर? अर्धमेला उंदीर पोरीसमोर तडफडला तर? आणि लंडनच्या या पिनर भागात मराठी डॉक्टरांची एवढी घरं असताना मारायला बोलावलं ते मलाच का? हा शेवटचा प्रश्न त्याने गिळला. मैत्री आठ वर्षांची होती.

"फ्रोझन उंदीर मिळतात की," तो म्हणाला. "ते मेलेलेच असतात. ते का नाही देत?"

"दिले हो! तोंड फिरवतो मेला."

"कसे दिलेत?"

"इथेच पेपरवर ठेवते. बर्फ वितळला की घालते आत."

फेब्रुवारी होता. गॅरेजमध्ये बोलताना तोंडातून वाफ निघत होती. जगदीशने सापाबरोबर आलेला कागद मागितला. वरदाने लगेच दिला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: उंदीर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, अंगाला ऊब आली की द्या. गार मढ्याकडे साप बघतही नाही.

त्याचा जीव भांड्यात पडला. कुणालाच मारायचं नव्हतं!

"वहिनी, एक वाडगंभर गरम पाणी आणा. बस्स."

अलकावहिनी हलल्या नाहीत. "किचनमधलं भांडं? उंदराला? अहो, आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. त्यापेक्षा तुम्ही हा जिवंतच... तुमच्यात चालतं ना सगळं?"

जगदीशच्या कानशिलाची शीर उडायला लागली. एका वाडग्यापायी साप दोन महिने उपाशी. त्याच वाडग्यापायी आता उंदराचा जीव जाणार. आणि तो घ्यायचा त्यानेच.

वरदा उठून धावली. रंगाच्या डब्यांमागून तिने एक निळा मग ओढून काढला.

"काका, हा घ्या! हा किचनचा नाही. आई हा इथेच ठेवते. तुम्ही आला की फक्त आत नेते, तुमच्या चहाला."

अलकावहिनींची नजर जमिनीवर गेली ती वर आलीच नाही.

जगदीशने मग हातात घेतला. कोटाच्या बाहीने त्याची धूळ पुसली.

"नको बाळा, यात मी चहा पितो," तो हळू म्हणाला. "वहिनी, उंदरासाठी तुमचं भांडं आणा."