न आलेली बाई

“आता ही बाई कुठे अडकलीय?” खिडकीजवळच्या काकांनी पुन्हा विचारलं आणि शेजारी बसलेल्या ताईंनी पुन्हा मान हलवली.

पायलट आले होते, इंधन भरून झालं होतं, सामान चढलं होतं. चारपैकी एक एअर होस्टेस तेवढी आली नव्हती, आणि तिघींवर विमान उडवायला परवानगी नव्हती.

ताई स्वतः याच कंपनीत एअर होस्टेस होत्या. लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणत. आज मात्र त्या साध्या कुर्त्यात, प्रवासी म्हणून बसल्या होत्या. वर्षभर अर्ज करून एका दिवसाची रजा पदरात पडली होती. लेक आजीकडे राहायची, हे विमान जाणार होतं त्या शहरात. आज संध्याकाळी तिच्या शाळेत नाटक होतं. तिला झाडाचं काम होतं, आणि झाडाला एकच वाक्य होतं. याआधीच्या प्रत्येक नाटकाला आई ऐनवेळी भलत्याच शहरात उतरली होती. या वेळी लेक फोनवर रडली नव्हती, रुसलीही नव्हती. “नाही जमलं तर राहू दे,” एवढंच म्हणाली होती. ते ताईंना फार लागलं होतं.

“लोळत पडली असेल घरी,” काका म्हणाले. “इथे दोनशे माणसं उकडून निघतायत.”

खरं तर ताईंनी त्या बाईची बाजू घ्यायला हवी होती. कंपनीचा कारभार म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण इतकी वर्षं लोकांच्या शिव्या हसतमुखाने झेलल्यावर आज पहिल्यांदाच त्यांना शिव्या द्यायच्या बाजूला बसायला मिळालं होतं. ही संधी कोण सोडणार?

“अगदीच बेजबाबदार,” त्या म्हणाल्या. जिवाला बरं वाटलं.

तेवढ्यात पाण्याचे पेले घेऊन धाकटी आली. ती होस्टेसांमध्ये सगळ्यात नवी. ताईंना बघून तिच्या हातातला ट्रे कलंडता कलंडता राहिला.

“ताई, तुम्ही इथे?”

“मग कुठे असणार? रजेवर आहे मी.”

“अहो, कंट्रोल रूमवाले सकाळपासून तुमच्या जुन्या नंबरवर फोन लावतायत. घरी माणूस पाठवलाय. आम्ही तुमचीच वाट बघतोय, ताई.”

काकांनी हळूहळू मान वळवली.

ताईंनी कंट्रोल रूमला फोन लावला. “रजा ऑफिसने दिली, ड्यूटी आम्ही लावली,” तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला. “ऑफिस आम्हाला विचारत नाही, आम्ही ऑफिसला विचारत नाही. तुम्ही ताबडतोब विमानात या.”

“मी विमानातच बसलेय.”

“बसलात म्हणजे प्रवासी, मॅडम. उभ्या राहा. उभ्या राहिलात की ड्यूटी सुरू.”

आणि ती ड्यूटी लेकीच्या शहरात संपत नव्हती. याच विमानाने पुढे तिसऱ्या शहरात जायचं, उद्या परतायचं. म्हणजे बसून राहिलं तर विमान उडणार नाही, आणि उभं राहिलं तर लेकीच्या शहरात पोचूनही खाली उतरता येणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकांनी नजर आपल्या चपलांकडे वळवली. मग हलकेच म्हणाले, “तुम्ही उठा हो. पुढचं पुढे बघू.”

ताई उठल्या. कुर्त्यावर धाकटीचा जादा स्कार्फ बांधला. “काखेत कळसा आणि गावाला वळसा,” कॅप्टन म्हणाले, आणि विमान उडालं.

लेकीच्या शहरात उतरल्यावर शेवटचे प्रवासी दारातून जात असताना धाकटीने ताईंच्या गळ्यातला स्कार्फ सोडवून घेतला. “इथल्या विमानतळावर चौघी राखीव होस्टेस बसल्यात, चहा पीत,” ती म्हणाली. “कंट्रोल रूमवाल्यांना उठवू देत की त्यांना एकदा.” कॅप्टन त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

जिन्याखाली वॉकीटॉकी घेऊन मॅनेजर उभा होता. सगळ्यांच्या ड्यूट्या त्याला तोंडपाठ होत्या, चेहरा एकीचाही माहीत नव्हता. “ती एअर होस्टेस कुठंय? सकाळपासून शोधतोय आम्ही,” त्याने समोर येईल त्याला विचारलं. समोर आले ते काका, हातात ताईंची बॅग घेऊन; मागोमाग ताई.

“ती? अहो, ती आलीच नाही. विचारा या आमच्या मुलीला.”

“नाही आली,” ताई म्हणाल्या.

मॅनेजरने ते वॉकीटॉकीत सांगितलं. पलीकडे थोडा वेळ खरखर झाली. मग कंट्रोल रूमचा निर्णय आला. “ती आली नसेल, तर ते विमान उडालेलंच नाही. प्रवाशांना म्हणावं, बसून राहा.”

मॅनेजरने समोरच्या विमानाकडे बघितलं. मग नाइलाजाने मान डोलावली.

ताई टॅक्सीत बसत होत्या तेव्हा आजीच्या फोनवरून लेक बोलली. आवाज अगदी समजूतदार होता. “आई, आजीने तुझ्या ऑफिसात विचारलं. तुझं विमान अजून उडालंच नाही म्हणे. असू दे. मी नाही रागावले.”

“हो ना, उडालंच नाही,” ताई म्हणाल्या. “मला एवढंच सांग, बाळा, तुझ्या शाळेचं गेट नेमकं कुठल्या रस्त्यावर आहे?”